साक्षांकन-नमुन्यातला एक रकाना

लग्न ठरवताना आपल्याकडे मुलाची चौकशी होते. घराणे कसे, गावात नाव कसे, हे आडून-आडून विचारले जाते. नोकरीचेही तसेच आहे. फरक इतकाच की, येथे ही चौकशी कागदोपत्री होते आणि सरकारी भाषेत तिला 'चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी' असे भारदस्त नाव आहे.

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षात असताना एका सरकारी कार्यालयात लिपिकपदासाठी माझी निवड झाली. घरी पेढे वाटले. पाठोपाठ साक्षांकन-नमुना आला. त्यात एक रकाना होता : आपणांस कधी अटक झाली होती काय? आपणांवर खटला भरण्यात आला होता काय? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या पाण्यासाठी आम्ही रस्त्यावर बसून घोषणा दिल्या होत्या. पोलिसांनी ज्यांच्यावर खटला भरला त्यांत मीही होतो. पुढे तो मागे घेण्यात आला. वडील म्हणाले, "मिटलंय ना सगळं? मग 'नाही' लिही. झाकली मूठ राहू दे." दोन दिवस कागद तसाच ठेवला आणि अखेर राज्यशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांनी सांगितलेले आणि मग ग्रंथालयात बसून वाचलेले येथे मांडतो. कारण हा रकाना उद्या आपल्यापैकी अनेकांपुढे येणार आहे.

ही पडताळणी होते कशी? सरकारी नोकरीत भरलेला नमुना पोलिसांकडे जातो. ठाण्यातील नोंदी पाहिल्या जातात, राहत्या पत्त्यावर विचारपूस होते. खाजगी कंपन्या बहुधा हे काम त्यासाठीच असलेल्या संस्थांकडे सोपवतात. त्या विद्यापीठाकडून पदवीची खात्री करून घेतात, आधीच्या मालकाकडे नोकरीचा काळ व हुद्दा विचारतात. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कोठे केव्हा लागलो, केव्हा सोडले, याची नोंद असते. तेव्हा सहा महिन्यांची नोकरी दोन वर्षांची करून सांगणारा तेथेच सापडतो.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. पतपेढीचा रोखपाल, शाळेच्या गाडीचा चालक, रुग्णालयातील परिचारिका यांच्या हाती दुसऱ्याचा पैसा किंवा जीव असतो. तेथे चौकशी न करणे हाच हलगर्जीपणा ठरेल. पण चौकशी कामाशी संबंधित असावी. 1983 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील एका शिक्षकाचे प्रकरण आले. पूर्वीच्या राजकीय कार्यावरून पोलिसांनी दिलेल्या अहवालामुळे त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही.

आता माझ्या रकान्याकडे येतो. 2011 साली दिल्ली पोलिसांतील भरतीचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले. उमेदवाराने अर्जात तरुणपणचा मारामारीचा, तडजोडीने मिटलेला खटला लपवला होता. न्यायालयाने तरुण वयातील चुकीकडे उदारपणे पाहिले आणि निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मधील, पावासाठी चोर ठरलेल्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली. आपल्या अभ्यासातला साहित्याचा विषय असा न्यायासनापर्यंत पोहोचलेला पाहून मला बरे वाटले!

पण सर्वच निकाल असे नव्हते. म्हणून 2016 साली अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तत्त्वे घालून दिली. माहिती खरीच दिली पाहिजे. लपवलेली बाब क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ लहान वयात घोषणा देणे, तर मालक आपल्या अधिकारात तिकडे दुर्लक्ष करू शकतो. जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे बंधनकारक आहे. मात्र, खरे सांगितले म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे असेही नाही. मालक पूर्वचारित्र्याचा विचार करू शकतो. म्हणजे दुर्लक्ष करणे ही मालकाची मर्जी. उमेदवाराचा तो हक्क नव्हे. वडिलांची झाकली मूठ येथेच उघडी पडते. घोषणा दिल्याबद्दल कदाचित क्षमा होईल, पण 'नाही' लिहून मी स्वतःच एक नवा दोष निर्माण केला असता.

मित्रांनो, तीन गोष्टी करा. नमुन्यातील प्रश्न शब्दशः वाचा. खटल्यातून सुटला असाल तर आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवा. आणि नमुना पाठवण्यापूर्वी त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

मी त्या रकान्यात 'होय' लिहिले, खाली चार ओळींत हकीकत दिली आणि आदेशाची प्रत जोडली. वडील आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. हा लेख देईपर्यंत नेमणुकीचे पत्र आलेले नाही. ते येईल की नाही, सांगता येत नाही. पण परवा पोलीस घरी चौकशीला आले, तेव्हा वडिलांनीच त्यांना चहा दिला आणि विचारण्याआधीच म्हणाले, "पोराने सगळं लिहिलंय त्यात."

मला तेवढे पुरे आहे.