'वाजवीपणे व्यवहार्य' म्हणजे किती?

आजचा विषय कामाच्या जागेवरची सुरक्षा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आम्ही मंडळींनी कारखान्यांच्या कायद्यात कशाला शिरावं, असं काहींच्या मनात येईल. पण या कायद्यात एक शब्दप्रयोग आहे, 'वाजवीपणे व्यवहार्य असेल तितकं', आणि तो आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. मालकाने कामगाराच्या जिवाची काळजी किती घ्यायची? वाजवीपणे व्यवहार्य असेल तितकी. ऐकणाऱ्याला वाटतं, ही तर पळवाटच झाली. 'परवडत नव्हतं हो साहेब' म्हटलं की सुटका!

तसं ते नाही. का नाही, हे पाहायला आपण ब्रिटनमधल्या १९४९ च्या एका निकालाकडे जाऊ: एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड. कोळशाच्या खाणीत ये-जा करायच्या वाटेची बाजू ढासळली आणि एक कामगार दगावला. त्या जागी टेकू दिलेले नव्हते. बोर्डाचं म्हणणं असं, की सगळ्या वाटांना टेकू देत बसलो तर खर्च झेपायचा नाही. अपील कोर्टाने मग तराजू मांडला. एका पारड्यात धोका, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. इथवर कुठलाही व्यापारी मान डोलावेल. मेख पुढे आहे. खर्चाचं पारडं जरासं जड झालं म्हणून मालक सुटत नाही. धोक्याच्या मानाने खर्च अगदीच अवाच्या सवा असेल, तरच सुटतो. शिवाय हा हिशेब अपघाताच्या आधी केलेला हवा, आणि तो दाखवायची जबाबदारी मालकाची. बोर्डाला ते दाखवता आलं नाही.

बेंथमचा उपयुक्ततावाद ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना हे खटकेल. तिथे प्रत्येकाचं सुखदुःख सारख्याच मापाने मोजायचं असतं. इथे तराजू मुद्दाम एका बाजूला कललेला ठेवलाय. आम्हाला ते योग्य वाटतं, कारण टेकूचे पैसे वाचतात ते एकाचे आणि अंगावर दरड येते ती दुसऱ्याच्या. दोन पारड्यांत दोन वेगळी माणसं बसलेली असताना नुसती बेरीज-वजाबाकी हा न्याय होत नाही.

आपल्याकडे हा शब्दप्रयोग सर्वसाधारण कर्तव्याच्या रूपात आला तो भोपाळनंतर. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली आणि १९८७ साली १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. कलम ७-अ ने भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे त्याच्यावर, हे सर्वसाधारण कर्तव्य घातलं. कलम १०४-अ ने सांगितलं, की याहून जास्त करणं व्यवहार्य नव्हतं हे आरोपीनेच सिद्ध करायचं. कंपनी असेल तर भोगवटादार कोण? संचालकांपैकीच कोणीतरी. मॅनेजरला पुढे करून संचालकांनी मागे राहायचं, याला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात मान्यता दिली नाही.

सगळीच कर्तव्यं तराजूत घालायची नसतात, हेही लक्षात घ्या. यंत्राच्या धोकादायक भागाला गार्ड हवा म्हणजे हवाच. १९५५ च्या फ्रॉस्ट खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रश्न होता तो सहाणेच्या चाकाचा. पूर्ण झाकलं तर चाक वापरताच येणार नाही, असा बचाव होता. उत्तर मिळालं, नसेल येत वापरता, पण कायद्यात सूट नाही. आपल्याकडे पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं औद्योगिक वसाहतींत भेटतात. उत्पादन वाढावं म्हणून गार्ड काढून ठेवलेला असतो, आणि वर 'कामगारच निष्काळजी' हे ऐकवलं जातं.

आता अंमलबजावणी. शिक्षा होते ती बोट गेल्यावर, म्हणून खरं बळ आधी थांबवण्याच्या अधिकारात आहे. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यात निरीक्षक दोन प्रकारच्या नोटिसा देतो: एक ठरल्या मुदतीत सुधारणा करा अशी, दुसरी गंभीर धोका असेल तर काम बंद करा अशी. त्यासाठी आधी कोर्टात जावं लागत नाही. आपल्या १९४८ च्या कायद्यातही, जिवाला तातडीचा धोका दिसला तर इमारतीचा किंवा यंत्राचा वापर थांबवायचा अधिकार निरीक्षकाला होता. मात्र खटल्याची चावीही त्याच्याच हातात होती. त्याची तक्रार किंवा लेखी मंजुरी असल्याशिवाय कोर्ट दखल घेत नसे, आणि गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार व्हायला हवी. निरीक्षक आलाच नाही, तर कामगाराने करायचं काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. 'वाजवीपणे व्यवहार्य' तिथेही आहे. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाला तर दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. ही सुधारणा चांगली. तातडीचा धोका दिसल्यास मालकाला कळवायचा आणि निरीक्षकापर्यंत ते पोचवायचा हक्क कामगाराला आहे. निरीक्षकाचं नाव मात्र आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झालंय. मालकाला सल्ला देणारा आणि त्याच मालकाचं यंत्र बंद करणारा, दोन्ही एकच माणूस. यातली कोणती भूमिका वरचढ ठरते, हे काम थांबवण्याचे आदेश किती निघतात त्यावरून कळेल. तुमच्यापैकी जे कारखान्यांत आहेत त्यांनी तेवढी नोंद ठेवावी. पुढच्या वेळी आपण ठेकेदाराच्या कामगारांकडे वळू. तिथे मालक कोण, इथूनच वाद सुरू होतो.