शिपायाची पडशी

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांवरील चित्रे यांचा संग्रह करणारी मंडळी आपल्या परिचयाची असतात. विशिष्ट क्रमांकाची कोरी नोट मिळेल का, अशी चौकशी करणारे ग्राहकही बँकेच्या खिडकीवरील कर्मचाऱ्यांना नवे नाहीत. मात्र जुनी वस्तू जमविण्याऐवजी ती पुन्हा पहिल्यासारखी घडवावयाची, आणि वस्तू तरी कोणती, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सामान्य शिपायाची शिध्याची झोळी, पाण्याची बाटली किंवा अंगावर घेण्याइतका तंबू, हा छंद आपल्याकडे तसा अपरिचितच. अमेरिकेत तो चांगलाच रुजला असून त्याभोवती छोट्या कारागिरांचा एक व्यवसायही उभा राहिला आहे.

या छंदाचे मूळ इतिहासाच्या पुनर्नाट्यात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत, गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये आणि उत्तरेकडील संघराज्य यांच्यात यादवी युद्ध झाले. त्यातील लढाया त्या त्या परिसरात पुन्हा उभ्या करण्याची प्रथा युद्धाच्या शताब्दीपासून, म्हणजे १९६१ मधील मनासास येथील प्रयोगापासून, विशेष लोकप्रिय झाली. २०१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला दीडशे वर्षे झाली, तेव्हाही हजारो हौशी लोक जमले होते. ही मंडळी केवळ गणवेश चढवून बंदुकीचे बार काढीत नाहीत. ती माळावर मुक्काम करतात, चुलीवर कॉफी उकळतात आणि रात्री जमिनीवर अंग टाकतात. येथे सामानाचा प्रश्न येतो. अस्सल वस्तू संग्रहालयांत किंवा संग्राहकांकडे, आणि त्याही जीर्ण. पावसात भिजवावयाची राहुटी नव्यानेच शिवावी लागते.

मुळात त्या शिपायाजवळ सामान होते तरी किती? युद्धाच्या आरंभी सिब्ली नावाचा शंकूच्या आकाराचा मोठा तंबू प्रचलित होता. बारा फूट उंच आणि अठरा फूट व्यासाचा हा तंबू हेन्री सिब्ली या लष्करी अधिकाऱ्याने तेथील मूळ रहिवाशांच्या 'टिपी'वरून सुचवून घेतला आणि १८५६ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. प्रत्येक तंबूमागे पाच डॉलर स्वामित्वधन ठरले होते. परंतु १८६१ मध्ये सिब्ली दक्षिणेच्या सैन्यात गेला आणि उत्तरेच्या सरकारने वापरलेल्या हजारो तंबूंच्या त्या उत्पन्नाला मुकला. निष्ठेची किंमत इतक्या स्पष्ट आकड्यांत मांडता यावी, असे प्रसंग इतिहासात थोडेच.

हे अवजड तंबू गाड्यांतून वाहून न्यावे लागत. म्हणून १८६२ पासून फ्रेंच सैन्याच्या धर्तीवरील लहान पाल सर्रास दिले जाऊ लागले. प्रत्येक शिपायाकडे पालाचा अर्धा भाग, सुमारे साडेपाच फूट लांबी-रुंदीचा सुती तुकडा, असे. दोघांनी आपापले तुकडे काज-बटणांनी जोडावयाचे, मधल्या आड्यासाठी दोन काठ्या किंवा संगिनी लावलेल्या बंदुका उभ्या करावयाच्या आणि कडेच्या दोरीच्या फासांत खुंट्या ठोकावयाच्या. दोन्ही टोके उघडीच. शिपायांनी त्याला कुत्र्याचे घर म्हणून हिणविले. तरीही सोबत्याकडे दुसरा अर्धा असल्याशिवाय आपल्या अर्ध्याला अर्थ नाही, ही त्या रचनेतील गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

असा साधा चौकोनी तुकडा शिवावयास अवघड काय, असे वाटेल. खरी परीक्षा तेथेच आहे. त्या काळच्या मागांवर विणलेले कापड अरुंद असल्यामुळे पालाच्या अर्ध्या भागातही पट्टे एकमेकांना जोडलेले असत. आज हवे तेवढे रुंद कापड मिळते. तरीसुद्धा चोखंदळ कारागीर त्याचे पट्टे कापतो आणि पुन्हा जोडतो, कारण ती शिवण हा त्या वस्तूचा इतिहास आहे. धागा सुती किंवा तागाचा हवा; पॉलिएस्टरचा चालत नाही. बटणे हाडाची किंवा पत्र्याची, काजे हातानेच विणलेली, आणि दोरी ओवण्याच्या भोकांना पितळी कडीऐवजी दोऱ्याने घट्ट भरलेली कड. शिवणयंत्र त्या काळी नव्हते असे नाही. एलियास हॉवेचे पेटंट १८४६ चे आणि सिंगरचे १८५१ चे. त्यामुळे काही शिवणी यंत्राच्या, काही हाताच्या, आणि कोणती कोठे हे अस्सल नमुना उलटून पाहिल्याखेरीज कळत नाही. म्हणूनच ही मंडळी संग्रहालयाच्या परवानगीने जुन्या वस्तूचे माप घेतात, एका इंचात किती टाके आहेत ते मोजतात, दोऱ्याचे पीळ पाहतात. बाहेरून दिसणाऱ्या भागापेक्षा आतील बाजूकडे त्यांचे लक्ष अधिक असते.

या कापडाचा एक धागा आपल्यापर्यंतही पोहोचतो. अमेरिकेचा कापूस दक्षिणेतील मळ्यांत गुलामांच्या श्रमावर पिकत असे. युद्धात उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि त्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघरी झाले, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा रंगला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही आणि १८६८ मध्ये तिचे विसर्जन करून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. व्हर्जिनियातील शिपायाचा पाल ज्या कापसाचा, त्याच कापसाच्या टंचाईने मुंबईतील कर्जखाती बुडविली.

पालानंतर झोळीकडे वळू. शिध्याची ही झोळी जाड सुती कापडाची, वरून काळ्या रंगाने लेपलेली. रंग म्हणजे काजळी आणि जवसाचे तेल. लेप द्यावा, वाळवावा, पुन्हा द्यावा. हवा दमट असेल तर एकेका हाताला कित्येक दिवस लागतात. घाईने दिलेला रंग चिकट राहतो, आणि फार जाड दिला तर घडीवर तडकतो. आत मांजरपाटासारख्या कोऱ्या कापडाची एक सुटी पिशवी तीन बटणांनी अडकविलेली असते, ती काढून धुता यावी म्हणून. तिच्यात खारवलेले डुकराचे मांस, कॉफी, साखर आणि 'हार्डटॅक' नावाची कडक बिस्किटे एकत्र कोंबलेली असत. हे बिस्कीट सुमारे तीन इंच लांब-रुंद आणि अर्धा इंच जाड. दातांना ते दाद देत नसे. मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यात लढलेल्या जॉन बिलिंग्ज यांनी १८८७ मध्ये 'हार्डटॅक अँड कॉफी' हे आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. छावणीतील दैनंदिन जीवनाचे ते इतके बारकाईने वर्णन करते, की या छंदातील लोक आजही त्याचा आधार घेतात.

पाण्याची बाटली म्हणजे पत्र्याच्या दोन फुगीर तबकड्या कडेने झाळलेल्या, वर तोंडाला बूच आणि भोवती लोकरी कापडाचे आवरण. व्यास सुमारे पावणेआठ इंच. आवरण ओले केले की पाणी थंड राहते. आपल्या मातीच्या माठाचेच तत्त्व. मूळ झाळकामात शिसे असे. येथे मात्र अस्सलपणाचा आग्रह सोडावा लागतो आणि कारागीर शिसेविरहित झाळ वापरतो. कोणी आतून मेणाचा थर देतात, कोणी आतील भांडे चक्क न गंजणाऱ्या पोलादाचे करून वर जुना पेहराव चढवितात. कर्मठ मंडळींना ही तडजोड रुचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, पिण्याच्या पाण्याबाबत इतिहासाने थोडे मागे सरकावे हेच इष्ट.

टाके मोजता मोजता या लोकांची गाठ शिपायाखेरीज आणखी एका व्यक्तीशी पडते, ती म्हणजे ते टाके घालणारी स्त्री. फिलाडेल्फियातील स्कूलकिल शस्त्रागारात कपडे बेतून कापले जात आणि हजारो स्त्रिया ते गठ्ठे घरी नेऊन हाताने शिवून परत आणून देत. मजुरी नगावर. त्यांतील अनेकींचे पती वा मुलगे आघाडीवर होते, कित्येक विधवा झाल्या होत्या. काम खासगी ठेकेदारांकडे गेले की मजुरी घसरे. १८६५ च्या आरंभी सिनसिनाटी शहरातील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्याकडे अर्ज केला, की मधल्या ठेकेदारांना वगळून सरकारने आम्हांला थेट काम द्यावे. एका काजाला किती वेळ लागतो हे ज्याने स्वतः दिव्याच्या उजेडात काज विणून पाहिले आहे, त्याला त्या अर्जातील निकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ठेकेदारांची कीर्ती इतरही कारणांनी पसरली होती. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा विणलेल्या 'शॉडी' नावाच्या कापडाचे गणवेश पहिल्या पावसातच विरू लागले आणि तेव्हापासून हा शब्द निकृष्ट मालाचा वाचक म्हणून अधिकच रूढ झाला. अखेर २ मार्च १८६३ रोजी खोट्या देयकांविरुद्धचा कायदा संमत झाला. सरकारला फसविणाऱ्याकडून दुप्पट नुकसानभरपाई आणि वर दोन हजार डॉलर दंड, शिवाय फसवणूक उघडकीस आणून दावा चालविणाऱ्याला वसुलीचा निम्मा वाटा, अशी त्याची मूळ तरतूद होती. वेळोवेळी दुरुस्त होऊन हा कायदा आजही अमलात आहे. लेखापरीक्षण विभागातील वाचकांना तो उद्‌बोधक वाटेल.

कपड्यांची झळ शिपायाच्या पगारालाही बसे. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय शिपाई होते. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर आणि कपड्यांचा भत्ता निराळा. यांना १० डॉलर आणि त्यातूनच ३ डॉलर कपड्यांपोटी वजा. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने असा पगार घेण्याचेच नाकारले. जून १८६४ मध्ये काँग्रेसने वेतन समान केले. या पलटणीचे नाव चालविणारे पुनर्नाट्य-पथक आजही आहे, आणि तोच निळा कोट, तीच काळी झोळी त्यांच्या खांद्यावर पाहताना त्या तीन डॉलरांची आठवण होणे साहजिक आहे.

या व्यवसायात स्वस्त मालही भरपूर असून त्यातील बराचसा भारतात तयार होऊन तिकडे जातो. लोकरीचा रंग चुकला, पट्टा रुंद झाला अशी टीका त्यावर होते. नमुना हाती न देता केवळ छायाचित्र धाडले आणि दर पाडून मागितला, तर आपला कारागीर तरी काय करणार? ज्याला अस्सल वस्तू उलटून पाहावयास मिळते तोच ती हुबेहूब करू शकतो.

आणि हुबेहूब होण्यातच या छंदाचा पेच आहे. त्या काळच्या कित्येक वस्तूंवर ठेकेदाराचे नाव वा तपासनिसाचा शिक्का असे. काही पाण्याच्या बाटल्यांच्या तोंडावरही ते कोरलेले सापडते. नक्कल पूर्ण करावयाची तर तो शिक्काही उठवावा लागतो. मग काही वर्षे वापरलेली, उन्हापावसाने काळवंडलेली ती बाटली हस्ते परहस्ते एखाद्या लिलावात 'अस्सल' म्हणून उभी राहते. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्याने नाण्यांच्या प्रतिकृतीवर 'कॉपी' हा शब्द ठसविणे बंधनकारक केले. तंबू, झोळ्या आणि बाटल्या त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. येथे कारागिराच्या सचोटीवरच भिस्त. म्हणून चांगले कारागीर जुन्या शिक्क्याबरोबर आपले नाव आणि आपले वर्षही वस्तूच्या आतल्या बाजूस उमटवितात. कापडावरची शाई कालांतराने पुसट होते हे ते जाणतात. पत्र्यावर मात्र ठसा खोल ठोकता येतो. वर लोकरी आवरण चढते, टाके पडतात, आणि छावणीत ती बाटली खांद्याला लावून हिंडणाऱ्या कोणालाही तो दिसत नाही; संशय आलेल्या संग्राहकाला चार टाके उसवावे लागतात, एवढेच.