पार्टीत बिलीला काय झालं?

स्वतःचं घर, झकास गाडी, श्रीमंत घरातली बायको, चष्म्यांचा जोरात चाललेला धंदा. बिली पिलग्रिमचं लाइफ एकदम सेट! तरी हा माणूस अधूनमधून गुपचूप रडतो. का, ते त्यालाही कळत नाही. माहीत आहे फक्त डॉक्टरला, आणि त्याने काय सांगावं? रोज दुपारी थोडं झोपत जा!

कर्ट व्हॉनेगटच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (1969) या कादंबरीचा हा हीरो. हीरो कसला, युद्धात साधं हत्यारही हाती नसलेला, लटपटता पोरगा. त्याच्यावर जे बेततं, त्यातलं बरंचसं लेखकाने स्वतः भोगलेलं. डिसेंबर 1944 मध्ये व्हॉनेगट जर्मनांचा कैदी झाला. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तो कत्तलखान्याखालच्या, मांस ठेवायच्या गार तळघरात होता. म्हणून वाचला. नंतर ढिगाऱ्यांतून प्रेतं उपसायचं काम कैद्यांच्याच माथी आलं. (पुस्तकातला 1,35,000 मृतांचा आकडा मात्र आता धरू नका. इतिहासकारांच्या समितीने 2010 मध्ये तो जास्तीत जास्त 25,000 ठरवला.)

परग्रहवासी, टाइम ट्रॅव्हल... पुस्तकात हा सगळा मसाला आहे. पण खरा धक्का बसतो तो एका साध्या पार्टीत. बिलीच्या लग्नाचा अठरावा वाढदिवस. चार मित्र मिळून गातात आणि बिलीचा चेहरा असा वेडावाकडा होतो की लोकांना वाटतं, गेला हार्ट अ‍ॅटॅकने! तो वर जाऊन पलंगावर पडतो, आणि मग आठवतं. त्या रात्री बरेचसे पहारेकरी आपापल्या घरी गेले होते, ते घरच्यांसकट संपले. कैद्यांसोबत तळघरात राहिलेले चौघे वर आले, तर शहरच नाही. चौघांची तोंडं उघडी, आवाज नाही. मूकपटातल्या गाणाऱ्यांसारखी.

'पीटीएसडी' हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं 1980 मध्ये. बिली त्याच्या 11 वर्षं आधीचा!

एडगर डर्बी हा शाळामास्तर त्याच तळघरात वाचलेला. पुढे ढिगाऱ्यात सापडलेली एक किटली उचलतो, लुटारू ठरतो आणि गोळी खातो. हाच क्लायमॅक्स असणार, असं लेखक पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवतो. प्रत्यक्षात त्याला तो जेमतेम चार ओळी देतो.