कामावर पायात गोळे येतात? नुसते पाणी पुरेसे नाही

दुपारची वेळ. बेकरीच्या भट्टीसमोर सकाळपासून उभ्या असलेल्या कारागिराच्या पोटरीत एकाएकी गोळा येतो. हातातली लांब फळी टाकून तो खाली बसतो. आजूबाजूचे म्हणतात, "पाणी पी, पाणी पी." तो दोन लोटे पाणी पितो. थोड्या वेळाने दुसऱ्या पायातही गोळा येतो, कधी पोटातही. मग कोणी म्हणतो अशक्तपणा आहे, कोणी म्हणतो वात आहे. मालक मनात म्हणतो, कामचुकारपणा आहे.

यातले बहुधा काहीच खरे नसते. त्या कारागिराच्या अंगातले मीठ घामावाटे गेलेले असते आणि त्याला मिळते फक्त पाणी. आपल्या बांधवांचे अनेक धंदे आगीजवळचे किंवा अंगमेहनतीचे आहेत. बेकरी, खानावळ, लोहारकाम, ओतकाम, इस्त्री, हातगाडी, हमाली. म्हणून हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच धंद्याचाही आहे.

गोळा येतो तो का?

घामात पाण्याबरोबर मीठही जाते. उष्ण जागी जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि लिटरभर घामात एक ग्रॅमपासून तीन-चार ग्रॅमपर्यंत मीठ असू शकते. संध्याकाळी गंजीवर पांढरे पट्टे दिसतात, ते हेच मीठ. त्यावर नुसतेच पाणी ढोसले की रक्तात उरलेले मीठ आणखी पातळ होते आणि थकलेले स्नायू आखडतात. म्हणूनच "पाणी तर भरपूर पितो, तरी गोळे येतात" अशी तक्रार ऐकू येते.

मुंबईची हवा यात भर घालते. इथे पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवेत दमटपणा फार. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जात राहते. एप्रिल-मे महिन्यांत लालबागला मिरची-मसाल्याचा हंगाम असतो. डंक दिवसभर चालतात, कढईत मसाले भाजले जातात. दादरच्या बाजारात हमाल पाट्या वाहतात, गिरगावच्या गल्ल्यांत हातगाड्या ओढल्या जातात. ऑक्टोबरच्या उन्हातही हीच गत.

गिरणीपासून खाणीपर्यंत

परळ-लालबागच्या जुन्या माणसांना गिरण्यांचे साचेखाते आठवत असेल. धागा तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. सूत टिकायचे, माणूस मात्र घामाने भिजायचा. मदनपुऱ्यात राहणाऱ्या अनेक मोमीन विणकरांनी अशा खात्यांत उमर काढली.

याच त्रासाचा उलगडा इंग्लंडमधल्या खोल कोळसा खाणींत झाला. १९२० च्या दशकात मॉस आणि हॉल्डेन या संशोधकांनी पाहिले की, घामाघूम होऊन भरपूर पाणी पिणाऱ्या मजुरांना गोळे येतात. त्यांच्या पाण्यात थोडे मीठ घातले तेव्हा त्रास कमी झाला. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरण बांधणाऱ्या मजुरांची तपासणी झाली, तेव्हाही असाच अनुभव आला. शंभर वर्षांपूर्वीचे हे ज्ञान आपल्या किती कारखान्यांत पोचले आहे?

गोळा आला तर

काम ताबडतोब थांबवा. कारागिराला भट्टीपासून दूर, वारा असलेल्या जागी बसवा. पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हळूहळू नडगीकडे ओढा. झटका देऊ नका. हलक्या हाताने चोळा. मीठ-साखरेचे लिंबूपाणी घोट-घोट पाजा. मिठाच्या गोळ्या गिळू नयेत, त्याने पोट बिघडते. गोळा उतरला म्हणून लगेच जड कामाला लावू नका, काही तास हलके काम द्या.

तासाभरात आराम पडला नाही, तर डॉक्टर गाठा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने जादा मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मधुमेह असलेल्याने साखरेचे पाणी टाळून मीठ घातलेले पातळ ताक घ्यावे.

मालकांनी एवढे करावे

एक लिटर स्वच्छ पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ, सहा लहान चमचे साखर आणि लिंबाचा रस. चमचे सपाट भरावेत. या मापाने रोज ताजे पाणी करून माठ भट्टीजवळ ठेवावा. साधे पाणीही शेजारी असू द्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. जेवणात ताक, पेज किंवा कोकमचे सार असेल तर उत्तम. कटिंग चहावर दिवस काढू नये.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी भट्टीचे काम पाचवा हिस्सा, मग रोज थोडे वाढवत न्यावे. ईद करून गावाहून परतलेल्या जुन्या उस्तादाचीही सवय मोडलेली असते. त्यालाही पहिल्या दिवशी निम्मेच काम द्यावे. जड काम शक्यतो पहाटे उरकावे.

रमजान महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. २०१७ ते २०१९ मध्ये तो मे-जूनच्या उकाड्यात आला होता. अशा वेळी आगीजवळचे काम इफ्तारनंतर ठेवावे आणि सहेरीत पाण्याबरोबर मिठाचा अंश असलेले अन्नही घ्यावे. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर पूर्ण करण्याची सवलत दीनने दिली आहे, हे विसरू नये.

ही खूण ओळखा

गोळा म्हणजे शरीराने दिलेली पहिली ताकीद. ती दुर्लक्षिली तर गाठ उष्माघाताशी पडू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या समारंभानंतर १४ जण दगावले, ते याच मुंबईच्या दमट हवेत. अंग तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, भायखळ्याचे जे. जे. ही मोठी रुग्णालये या भागात आहेत.

आता हिशोब मांडून पाहा. माठभर लिंबूपाण्याला खर्च तो किती? उलट भट्टीसमोर किंवा चालू यंत्राजवळ पाय आखडून कारागीर पडला, तर त्याची रोजी बुडते, मालकाची ऑर्डर बुडते आणि जिवावर बेतले तर एक घर बुडते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण सारे जाणतो. त्या घामाबरोबर गेलेले मीठही त्याला परत द्यावे. धंद्यात बरकत यायची ती अशाच घरातून येते.