हिवतापाचा जंतू आणि रक्तपेशीचे दार

पावसाळा सुरू झाला की थंडी वाजून ताप भरलेले रुग्ण आरोग्य उपकेंद्रात येऊ लागतात. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले. परंतु माणसाच्या रक्तात उतरलेला हा जंतू तांबड्या पेशीत शिरतो कसा, हा प्रश्न त्यानंतर पाऊणशे वर्षे अनुत्तरित होता. त्याचे उत्तर एका मानवी जनुकात सापडले.

१९५० साली लंडनमध्ये, वारंवार रक्त द्यावे लागलेल्या एका रुग्णाच्या रक्तात अपरिचित प्रतिद्रव्य आढळले. त्यावरून जो नवा रक्तगट ओळखला गेला, त्याला त्या रुग्णाच्या आडनावावरून ‘डफी’ हे नाव मिळाले. या रक्तगटाचे जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, असे १९६८ मध्ये निश्चित झाले. लिंगनिश्चिती करणारी गुणसूत्रे वगळता, अन्य एखाद्या ठरावीक गुणसूत्रावर मानवी जनुकाचे स्थान निश्चित होण्याची ही पहिलीच वेळ होती.

या जनुकाच्या आज्ञेनुसार जे प्रथिन तयार होते, ते पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार विणलेले असते. अशा प्रथिनास ‘ग्राही’ म्हणतात. शरीरात दाह निर्माण झाला की पांढऱ्या पेशींना बोलावणारी रासायनिक द्रव्ये रक्तात येतात. डफी ग्राही ती धरून ठेवतो व त्यांचे प्रमाण आटोक्यात राखण्यास हातभार लावतो. तांबड्या पेशींप्रमाणेच सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही तो असतो.

व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप-जंतू मात्र याच ग्राहीला चिकटून तांबड्या पेशीत प्रवेश मिळवतो. शरीराने स्वतःच्या कामासाठी ठेवलेले दार शत्रूच्याही उपयोगी पडते, ते असे. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर हा ग्राही नसतो आणि तेथे व्हायव्हॅक्स हिवताप फार विरळ आहे. या दोन गोष्टींचा संबंध अमेरिकेतील लुई मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५-७६ मध्ये उलगडला. पुढे १९९५ मध्ये त्याचे मूळ कारणही कळले. जनुक शाबूत असते. परंतु ते तांबड्या पेशीत कार्यान्वित करणाऱ्या भागातील केवळ एक अक्षर बदललेले असते. अन्य ऊतींत ग्राही नेहमीप्रमाणे तयार होतो. अशा व्यक्तींच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा एक प्रकार थोडा कमी आढळतो. तो रोग नव्हे.

तथापि हे संरक्षण अभेद्य नाही. ग्राही नसलेल्या व्यक्तींनाही व्हायव्हॅक्सची बाधा झाल्याचे मादागास्कर येथील रुग्णांत २०१० मध्ये स्पष्ट झाले. भारतीयांच्या बाबतीत तर बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर हा ग्राही असतोच. म्हणजे निसर्गाने ते दार आपल्यासाठी बंद केलेले नाही. ते लसीने बंद करता येईल काय, या दिशेने संशोधन चालू आहे. जंतूचे जे प्रथिन डफी ग्राहीला चिकटते, त्यावर आधारित लसीच्या कामात नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्राचा मोठा वाटा आहे.

लस हाती येईपर्यंत भिस्त आहे ती उपचारांवर व दक्षतेवर. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. म्हणूनच क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांबरोबर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम दिला जातो. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले व जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असलेले रुग्ण यांना प्रायमाक्विन चालत नाही. म्हणून ते आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ताप उतरला की रुग्ण गोळ्या सोडून देतो, हा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी गावातील शिक्षकाने वा पंचायत सदस्याने त्याच्या घरी जाऊन चौदाव्या दिवसापर्यंत विचारपूस केली, तर रोगाचे पुनरागमन टळेल आणि डासामार्फत तो शेजाऱ्याच्या घरी जाण्याचा मार्गही खुंटेल.