टेबलाच्या पलीकडची खुर्ची

हिंगोली जिल्ह्यातील आपल्या मुला-मुलींना पुढे काय व्हायचे आहे असे विचारले, की उत्तरे ठरलेली असतात. फौजदार, तलाठी, शिक्षक, बँकेत कारकून. फारच धीट असेल तर कलेक्टर. कंपनीत लागायचे आहे असे म्हणणारेही पुष्कळ. पण कंपनीत कोणाला घ्यायचे हे जिथे ठरते त्या खुर्चीवर बसायचे आहे, असे म्हणणारा आम्हास अद्याप भेटायचा आहे. या खुर्चीला पूर्वी पर्सोनेल ऑफिसर म्हणत, आता एचआर म्हणतात.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वसमतच्या हळदीचे नाव मोठे, पण मोठ्या कारखान्यांचा पट्टा इथे नाही. डिप्लोमा हाती पडला की पोरगा वाळूज गाठतो, नाही तर चाकण. खासगी कंपनीत आरक्षण नाही. तिथे असतो अर्ज, आणि समोर बसलेला माणूस.

तो माणूस काय पाहतो? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हेच तपासले. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला तर सुमारे एक तृतीयांशच निघाली. म्हणजे पोरगा मुलाखतीत कच्चा पडतो हे खरे मानले, तरी मुलाखतीपर्यंत त्याला येऊ दिले कुठे?

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी एचआर अधिकाऱ्यांनाच बोलते केले. सगळे गुणवत्तेचीच भाषा बोलत होते, आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही विचारत होते. ‘वडील काय करतात?’ सेनगावच्या शेतमजुराच्या मुलीने याचे उत्तर काय द्यावे? आणि तिच्या हिशेबाच्या कामाशी त्याचा संबंध काय?

हे काम आपल्याला परके नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या त्या याच काळात. माणूस कामावर कसा घ्यावा, किती तास राबवावा, याचे नियम त्यांनी टेबलाच्या पलीकडे बसून घडविले.

कोणत्याही शाखेची पदवी चालते. पुढे मनुष्यबळ विषयात एमबीए किंवा एमएसडब्ल्यू करावे, कामगार कायदे नीट वाचावेत. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासूनची; तिचे नाव पालकांनी लक्षात ठेवावे. जाहिरातीची भाषा लिहिणे, अर्ज निवडणे, सर्वांना तेच प्रश्न विचारणे, बढतीची नोंद ठेवणे ही रोजची कामे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे २०१३ च्या कायद्याने महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते, तीही कागदावरच राहू नये हे पाहणे आले.

खुर्ची मऊ नाही. मालक म्हणेल त्याला काढण्याचे पत्रही याच हाताने लिहावे लागते. आणि गावाकडून फोन येईल, ‘दादा, आपलाच पोरगा आहे, लावून घ्या.’ त्याला अर्ज करायला सांगावे, मुलाखतीची तयारी करून घ्यावी, आणि निवडीच्या दिवशी त्याच्या वडिलांचा धंदा विचारू नये, शेजारच्या उमेदवाराच्याही नाही.