पिस्टनचा स्ट्रोक : इंजिनाचा श्वास आणि ओढ

नाशिक जिल्ह्यात इंजिनाशी ज्याचा संबंध नाही, असे कुटुंब विरळाच. विहिरीवरील डिझेल पंप, द्राक्षबागेतील ट्रॅक्टर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील नोकरी, अशा कोणत्या ना कोणत्या वाटेने ते घरात आलेलेच असते. ‘लांब स्ट्रोकचे इंजिन जास्त ओढते’ हे वाक्य आपण गॅरेजमध्ये नेहमी ऐकतो. त्यात तथ्य किती, हे प्रस्तुत लेखात पाहू.

सिलिंडरच्या व्यासाला बोअर म्हणतात, तर पिस्टन वरपासून खालपर्यंत जितके अंतर कापतो त्याला स्ट्रोक म्हणतात. आपल्याच राज्यातील दोन इंजिने शेजारी ठेवू. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे ‘टीव्ही-१’ हे डिझेल इंजिन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही आढळते. त्याचा बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर. चाकणला तयार झालेल्या ‘केटीएम ३९० ड्यूक’ मोटारसायकलच्या ३७३ घनसेंटिमीटर इंजिनाचा बोअर ८९, पण स्ट्रोक अवघा ६० मिलिमीटर. पहिले मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सुमारे ३३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचे बळ, देते. दुसरे जवळजवळ तितकाच टॉर्क देते. पण सुमारे ७००० फेऱ्यांवर. इंधन व आकारमान भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तरी दोन्ही घडणींचा स्वभाव तीत स्पष्ट दिसतो.

स्ट्रोक लांब असला की क्रँकची भुजा लांब होते आणि म्हणून टॉर्क वाढतो, असे मानले जाते. हे अर्धसत्य होय. सिलिंडरचे आकारमान तेच ठेवून स्ट्रोक दुप्पट केला, तर पिस्टनचे क्षेत्रफळ निम्मे होते. भुजा दुप्पट, पण दाब झेलणारे क्षेत्र निम्मे, गुणाकार पूर्वीइतकाच. खरा फरक पडतो तो श्वासोच्छ्वासात.

अरुंद सिलिंडरच्या माथ्यावर मोठ्या झडपा बसत नाहीत. मंद गतीत त्याने बिघडत नाही. १५०० फेऱ्यांवर हवा आत घेण्याच्या एका स्ट्रोकला सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो आणि सिलिंडर नीट भरतो. ९००० फेऱ्यांवर हाच अवधी सेकंदाचा तीनशेवा भाग उरतो. तेवढ्यात हवा शिरायची तर झडपा मोठ्या व अधिक हव्यात. ड्यूकच्या रुंद माथ्यावर म्हणूनच चार झडपा आहेत. श्वास अपुरा पडला की टॉर्क ओसरतो.

दुसरी मर्यादा पिस्टनच्या वेगाची. ११० मिलिमीटर स्ट्रोकला १५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५.५ मीटर असतो. तेच ९००० फेऱ्यांवर फिरवले, तर तो ३३ मीटर होईल. शर्यतीच्या इंजिनांनाही हे पेलत नाही. ६० मिलिमीटर स्ट्रोकला तितक्याच फेऱ्यांवर हा वेग १८ मीटर राहतो. थोडक्यात, लांब स्ट्रोकचे इंजिन मंद गतीत भरपूर ओढण्यासाठी घडवलेले असते; आखूड स्ट्रोकचे, वेगाने फिरून शक्ती मिळवण्यासाठी.

या ज्ञानाचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. उन्हाळ्यात पाणी अधिक मिळावे म्हणून पंपाच्या इंजिनाचा गव्हर्नर आवळला जातो. सेंट्रिफ्युगल पंपाची गती १० टक्के वाढवली, तर त्याला सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. पूर्ण भारावर चालणारे इंजिन इतकी शक्ती कोठून आणणार? वाढीव डिझेलला पुरेशी हवा न मिळाल्याने काळा धूर निघतो, आणि पिस्टनच्या ये-जा करण्यामुळे कनेक्टिंग रॉडवर पडणारा ताण सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. पाणी थोडे वाढते. डिझेल अधिक जळते आणि इंजिन लवकर दुरुस्तीला येते.

म्हणून इंजिन घेताना केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहू नये. ती किती फेऱ्यांवर मिळते, हेही विचारावे. पाटीवर लिहिलेली गती त्याच्या घडणीतूनच ठरलेली असते. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे आणि घरच्या पंपाजवळ उभे राहून वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे.